पर्जन्य-दोनचा हयातीचा दाखला

सकाळी बँकेत अंगठा टेकवून प्रमिला मोकाशींनी आपण जिवंत असल्याचं सिद्ध केलं. संध्याकाळी एका उपग्रहासाठी तेच करायला त्या साताऱ्याजवळच्या पठारावरल्या वेधशाळेत आल्या. स्वतःचं काम दोन मिनिटांत उरकलं होतं.

ढग मोजणारा पर्जन्य-दोन त्यांनीच बांधला होता. अकरा वर्षांपूर्वी तो गप्प झाला. दहा वर्षं गप्प राहिलेला उपग्रह मृत, असा अवकाश स्वच्छता मंडळाचा नियम. परवा मंडळाचं ओढयान त्याला खाली खेचून वातावरणात जाळणार होतं. मंडळाचे खैरमोडे फॉर्म घेऊन हजर होते.

"मॅडम, हाक मारल्यावर ओ देत नाही म्हणजे गेला."

"हा नियम आमच्या घरात लावलात तर मी एकटीच उरेन," मोकाशी म्हणाल्या.

जमिनीवर अंधारलं होतं, पण सहाशे किलोमीटर वर अजून ऊन होतं. उपग्रह बघायची हीच वेळ. दुर्बीण चालवणाऱ्या शबाना मुजावर यांच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका थरथरत वर आला.

"हा उपग्रह? मला तर उकळता साबुदाणा वाटतोय," खैरमोडे म्हणाले.

"मध्ये हवा आहे ना, साहेब. तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडचा माणूस कसा हलताना दिसतो, तसं. थांबा, आरसा सुरू करते."

"आरसा सुरू करतात?"

"हा वाकतो."

तळहाताएवढ्या त्या पातळ आरशामागे हजार बारीक दट्टे होते. हवा प्रकाशाला जशी वाकवेल, त्याच्या बरोबर उलटा तो वाकायचा, सेकंदाला दोन हजार वेळा. इतक्यांदा भूमिका बदलून शेवटी खरं तेच दाखवणारं दुसरं काही राज्यात नव्हतं.

ठिपका थांबला. त्याला कडा आल्या, धड आलं, दोन पंख आले. खैरमोडे नकळत उभे राहिले.

"पंख बघा," मोकाशी म्हणाल्या. उपग्रहाचं धड जमिनीकडेच होतं आणि पंख मात्र हळूहळू सूर्याकडे वळत होते. "मेलेला कोलांट्या खात जातो. हा ऊन शोधतोय."

"ऊन खातोय, कबूल. पण बोलत नाही ना!"

"मॅडम," शबाना म्हणाल्या, "खालची ही वाटी अशीच तिरकी असते?"

मोकाशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती अँटेना होती. तिचं तोंड सरळ खाली हवं होतं. कसला तरी तुकडा आदळून तिचा दांडा पश्चिमेकडे वाकला होता. अकरा वर्षांपूर्वी तो डोक्यावर आला की आपण कान लावून बसायचो, आणि दोन महिन्यांनी नाद सोडला. त्याचं बोलणं आठशे किलोमीटर पलीकडे समुद्रात पडत होतं.

"उद्या तो तितकाच पूर्वेकडून, रायपूरवरून जाईल," त्या म्हणाल्या. "तेव्हा त्याचं तोंड आपल्याकडे असेल."

"फॉर्ममध्ये असा रकाना नाही," खैरमोडे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तेच येऊन बसले होते.

सहा बावन्नला स्पीकर खरखरला. मग एकसारखी टिकटिक आली आणि पडद्यावर आकड्यांच्या ओळी उतरू लागल्या. मोकाशींनी पहिली ओळ वाचली आणि त्या खाली बसल्या. आजचे ढग होते. कालचेही. रोजचे.

खैरमोडेंनी आधी फोन करून ओढयान थांबवलं, मग फॉर्मवर 'हयात' लिहिलं. पेनाचं टोपण मात्र लावलं नाही.

"मुजावर मॅडम," ते जरा वेळानं म्हणाले, "याआधी आम्ही एकेचाळीस जाळलेत. सगळ्यांवर सही माझीच. त्यांतल्या एखाद्याकडे तरी कुणी असं बघितलं होतं का हो?"