करडईच्या तेलातली गाठ

“तेल कुणी दिलं तिला?”

“मला काय विचारतो? मशीन आहेस ना, तूच शोध!”

दवाखान्यातला रोबो माझ्यावर उलटा ओरडला नाही, म्हणून मलाच जास्त राग आला. काचेपलीकडं माझी सहा वर्षांची बहीण गिरजा पडून होती. परवापर्यंत भिंत धरून चालायची. आता पाय उचलत नाही.

“मल्लिनाथ, तिच्या रक्तात करडईच्या तेलाचे अर्धवट तुकडे साठलेत.”

आमचा घरचा करडईचा घाणा आहे. भाकरी कुस्करायची, शेंगाच्या चटणीत खड्डा करायचा, खड्ड्यात ताजं तेल. तेलाशिवाय वाढलं तर पाहुणापण रुसतो. डॉक्टरनं तेल बंद केलेलं. पण गिरजा म्हणाली, “आण्णा, कोरडं गिळत नाही रं.” मग आईपासून लपवून मी रोज तिचा खड्डा भरला.

“तेल चांगलंच असतंय की!”

“तुला चांगलं. हे बघ.” रोबोनं टेबलावर काढून ठेवलेली गिरजाची मण्यांची माळ उचलली. “हे स्निग्धाम्ल (तेलातली लांब साखळी). पेशीत पेरॉक्झिसोम (साखळ्या तोडायची इवलीशी पिशवी) असते. तिथली कात्री एका टोकाकडून दोन-दोन मणी कापत जाते. पण करडईच्या साखळीत मध्येच दुहेरी बंध (दोन मण्यांतली जास्तीची गाठ) येतो. गाठ चुकीच्या घरात आली की कात्री अडते.”

“मग तोडायची की गाठ!”

“तोडायची नाही, सरकवायची. एक एन्झाइम (शरीरातलं कामगार प्रथिन) तिला कात्रीकडं एक घर सरकवतं. तेवढंच त्याचं काम. गिरजाकडं तो कामगार जन्मापासून नाही.”

एक घर. तेवढ्यावर माझ्या बहिणीचं चालणं अडलं होतं.

“मीच दिलं,” मी म्हणालो. “रोज दोन चमचे. सतरा दिवस.”

“हेच पाहिजे होतं. आज डॉक्टर प्रयोगशाळेत बनवलेला तोच कामगार तिला देणारेत. किती द्यायचा, ते यावर ठरतं.”

“चालेल का ती?”

“साठलेलं कमी होईल. पायांचं सांगता येत नाही. पण यापुढं प्रत्येक बाळाची ही तपासणी जन्मल्या दिवशीच होईल.”

लाथच घालणार होतो त्याला. खोटं तरी बोलायचं.

गिरजानं डोळे उघडले. मला बघून बोटानं हवेत खड्डा केला, चटणीतला. मी मान हलवली, नाही. तिनं तोंड फिरवलं.

जिन्यात आई आलीय, डबा घेऊन. तिला काहीच माहीत नाही. जातो मी आता, सांगायला पाहिजे.