आऱ्यावरच्या दोन थापा

पटायचं त्याला पटो, पण ही गोष्ट घडलेली आहे. मागच्या उन्हाळ्यात, कारंजा गावात, भर दुपारी. ज्याच्यासमोर घडली तो मोईन आजही तिथेच राहतो. जाऊन विचारा. सांगेलच असं नाही.

मोईनला सुताराच्या जुन्या मशिनींचं भारी वेड. भंगारात एखादं रंध्याचं मशीन दिसलं की गडी जेवण विसरायचा. रिसोडजवळ मोहनसिंगची सॉ मिल वर्षानुवर्षं बंद पडून होती. तिथेच, बाभळीच्या झुडपात त्याला हा लाकूड चिरायचा आरा सापडला. बिडाची दोन मोठी चाकं, त्यावरून फिरणारं दात्यांचं पातं, मध्ये लोखंडी टेबल.

"घेऊन जाय," मोहनसिंग म्हणाला. "मले तं ते डोळ्यासमोर नको."

नको का, हे मोईननं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्यानं गॅरेजमधली पक्की नोकरी सोडली. या आऱ्यावर स्वतःचं दुकान उभं करायचं होतं. गंज घासला, बेअरिंगं बदलली, नवं पातं चढवलं.

"ये नहीं चला तो खाएंगे क्या?" बायको यूसरा म्हणाली.

चाललं.

पण आऱ्याला दोन माणसं लागतात. समोरचा लाकूड ढकलतो, मागचा ओढतो. मागच्यानं हात पात्यापासून काढले की टेबलावर दोन थापा मारायच्या. त्या आवाजात थाप ऐकू येत नाही, समोरच्याच्या तळहाताला कळते. मगच ढकलायचं. या कामातला जुना कायदा आहे तो.

मोईन एकटाच होता. त्यानं पहिली फळी लावली आणि...

टेबलावर दोन थापा.

मागे कोणी नव्हतं.

त्यानं घाबरत ढकललं. फळी सरळ गेली. पलीकडून कोणीतरी ओढत होतं.

सांगणार कोणाला? सगळा संसार त्या मशीनवर लावलेला. रोज थापांची वाट पाहायची, मग ढकलायचं. काम असं सुरेख व्हायचं की हळूहळू त्याची भीतीही गेली.

मग एका दुपारी मोहनसिंग दारात उभा राहिला. आरा चालून राह्यला, हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"मी वापस नेतो. माह्यं मशीन हाय ते."

"काका, असं कसं? माह्यं घर चालते याच्यावर."

"तुहा खर्च लागला तो देतो ना. आधी चालवून तं पाहू दे."

त्यानं बटन दाबलं, सागाची फळी टेबलावर ठेवली.

"काका, थांबा. थाप येऊ द्या."

"कायची थाप? मांगं कोण हाय तुह्या?"

मोईननं टेबलावर हात ठेवला.

थाप आली नाही...

लोखंड गार पडलं होतं. भर उन्हाळ्यात.

मोहनसिंगनं ढकललं.

फळी पलीकडून खसकन ओढली गेली... त्याच्या हातासकट. मोईननं धावत बटन बंद केलं. तोवर उजवा पंजा टेबलाच्या पलीकडे पडला होता.

वाशीमला नेताना जीपमध्ये तो शुद्धीवर होता. एकच बोलत होता.

"देवमननं तवाही थाप देल्ली नव्हती. त्याचा हात पात्यापाशी होता... मले दिसून राह्यला होता. मले घाई होती."

देवमन म्हणजे त्याच्या सॉ मिलवरचा मागचा माणूस. पाय घसरून आऱ्यावर पडला आणि मेला, असंच रिसोडात सगळ्यांना माहीत होतं.

मोहनसिंग वाचला. मशीन त्यानं पुन्हा मागितलं नाही. म्हणतात, तो जेवता जेवता मध्येच दचकतो. नसलेल्या तळहाताला दोन थापा कळतात म्हणे.

मोईनच्या आऱ्यावर मात्र त्या दिवसापासून एकही थाप नाही.

तो रोज दुकान उघडतो. तेल घालतो, फळी लावतो, टेबलावर तळहात ठेवून उभा राहतो...

संध्याकाळी फळी होती तशी उचलून ठेवतो आणि घरी जातो.