खडकाआडची धडधड

बराकीच्या दाराशी आलेला प्रत्येक माणूस आधी चौकटीवरच्या दिव्याकडे बघायचा. हिरवा असला की कानटोपी ओढून बाहेर पडायचं, पिवळा असला तर सोबतीला कुणी येईपर्यंत थांबायचं आणि तांबडा असला तर कडीला हातसुद्धा लावायचा नाही. नवा गडीही चार दिवसांत हे शिकायचा. मग सुट्टीवर घरी गेल्यावरही उंबरठ्यापाशी त्याची मान आपोआप वर व्हायची आणि बायको विचारायची, "वर काय बघताय?"

लाहौलच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटातून बोगदा निघत होता. हिवाळ्यात खाली जाणारा रस्ता बर्फाखाली जायचा, पण बोगद्याच्या आत काम चालूच राहायचं. हे दिवे बसवले होते उत्पला सोनटक्के या भूभौतिकीच्या अभियंतीने. तिच्या यंत्रणेचं नाव होतं भूश्रवण. छावणीभोवतीच्या जमिनीत तिने केसाएवढ्या काचेच्या प्रकाशतंतूचं जाळं पुरलं होतं. एका टोकाकडून त्यात लेझरचे झोत सोडले जात. वर कुणाचं पाऊल पडलं की माती किंचित दबायची, तंतू किंचित ताणला जायचा आणि परत येणारा प्रकाश तेवढ्यानेही बदलायचा. त्या बदलावरून संगणक सांगायचा, की हा माणूस, हा याक, हे अस्वल, आणि तसा दिव्याचा रंग बदलायचा. पुढे पुढे तर कुठलं अस्वल तेही कळू लागलं.

यंत्रणा आली ती शरणाप्पानंतर. शरणाप्पा धोत्रे सोलापूरकडचा फिटर. आदल्या शरद ऋतूत, भर दुपारी, पाना आणायला तो जनरेटरच्या शेडमागे गेला. तिथे टाकलेल्या खरकट्यात तोंड घालून एक तपकिरी अस्वल उभं होतं. दोघंही दचकले. शरणाप्पा वाचला, पण डावा डोळा आणि त्या बाजूचा जबडा गेला. चिखलात उमटलेल्या ठशांत अस्वलाचा उजवा पुढचा पंजा अर्धाच टेकलेला होता. नंतर भूश्रवणाला तीच चाल अनेकदा ऐकू आली. तीन पावलं जड, एक हलकं. छावणीने त्या मादीचं नाव लंगडी ठेवलं.

शरणाप्पाचा थोरला भाऊ रामलिंग बोगद्यावर मुकादम होता. भावाला पाठीवर घेऊन तोच गाडीपर्यंत धावला होता. आता रविवारी तो घरी फोन लावायचा आणि पलीकडून भावजय सांगायची, "बोला तुम्ही, ऐकतायत ते."

बर्फ पडायला लागलं तशी अस्वलं एकेक करून गुहांत गेली. दिवे हिरवेच राहू लागले. माणसं सैलावली. उत्पलाने मग थोडा तंतू नुकत्याच खणायला घेतलेल्या हवाबोगद्याच्या तोंडापुढे खडकात भोकं पाडून आत सरकवला. मुख्य बोगद्यात धूर आणि धूळ कोंडायला लागली होती, गडी खोकत होते. डोंगराच्या कुशीतून एक आडवा हवाबोगदा बाहेर काढला की वारं खेळणार होतं. सुरुंग लावण्याआधी खडक कुठे ताणलाय ते ऐकून ठेवावं, एवढाच तिचा हेतू.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती पडद्यासमोर बसली आणि नोंदीत तिला एक ठोका दिसला. फार मंद. मग पुन्हा एक. तिला वाटलं, पाणी ठिबकत असेल. पण खाली सुरुंग उडाला तसा ठोका झपझप झाला आणि मग हळूहळू पुन्हा मंदावला. पाणी घाबरत नाही. उत्पलाने इतर कंपनं गाळून टाकली, उरलेलं स्पीकरवर सोडलं आणि खोलीत तो आवाज आला. धड… बराच वेळ काहीच नाही. धड…

तंतूच्या टोकापासून दोन हातांवर, खडकाच्या पोकळीत, भिंतीला पाठ लावून एक जीव शीतनिद्रेत होता. मिनिटाला जेमतेम आठ ठोके. न खाता, न पिता, अख्खा हिवाळा. पुस्तकांतून तिने हे अनेकदा वाचलं होतं. पण असं डोंगराला हृदय असल्यासारखं ऐकणं वेगळंच होतं.

तिने शीतनिद्रेआधीच्या नोंदी काढल्या. कड्याच्या त्या फटीकडे गेलेली शेवटची पावलं तीन जड होती, एक हलकं.

रामलिंगला सांगणं भाग होतं. उद्याचा सुरुंग त्याच्याच गड्यांचा होता. तो आला, हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"हे काय हाय वो मॅडम?"

"अस्वलाचं काळीज, मामा. आपल्या हवाबोगद्याच्या नाकासमोर झोपलीय." तिने श्वास घेतला. "लंगडी आहे."

रामलिंगने गुडघ्यावरची टोपी उचलली. मग म्हणाला, "बरं झालं की. उद्या सुरुंग लावू. छत बसंल तिच्यावर."

"आणि नाही बसलं तर? भिंत फुटेल, ती जागी होईल. कित्येक दिवसांची उपाशी. अरुंद बोगद्यात तुमचे गडी आणि ती समोरासमोर. पळायला जागा कुठे आहे तिथे?"

"मग झोपेतच संपवा."

"कोण जाणार आत? आणि मामा, ते मला करायचंही नाही."

"तुमाला करायचं न्हाई." रामलिंगचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आत माझी पोरं धूर पितात. रक्त पडतंय एकाच्या थुंकीत. त्यांचं काळीज ऐकलं का कधी या मशिनीवर?"

उत्पलाने स्पीकर बंद केला. ते खरंच होतं.

खाली मनालीत बसलेले प्रकल्पप्रमुख भसीन पडद्यावर आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुरक्षा तुमच्याकडे आहे, सोनटक्के. सुरुंग उडवायचा की नाही, तुम्ही ठरवा. पण हवा हवीच." वनखात्याची माणसं रस्ता उघडल्याशिवाय वर पोचणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळभर बर्फ पडत होतं. उत्पलाने सुरुंग थांबवला होता, पुढे काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुपारी ठोके वाढायला लागले. सुरुंग नव्हता, ड्रिल नव्हतं, तरी वाढत होते. वीस. तीस. मग खरडल्याचा आवाज, जड अंग वळल्याचा, लांब घोगरा श्वास. लंगडी जागी होत होती. उत्पलाने बटण दाबलं आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा छावणीतले सगळे दिवे तांबडे झाले. रामलिंगने गड्यांना हवाबोगद्यातून मागे ओढलं, लोखंडी फाटक लावून घेतलं आणि सगळ्यांना भोजनगृहात आणून मोजलं. सगळे होते. कुणी खोरं धरून होतं, कुणी पहार.

"कुठवर आली?" त्याने विचारलं.

"जागची हललेली नाही." उत्पला पडदा घेऊन तिथेच बसली होती. "काहीतरी वेगळंच चाललंय."

आवाज नीट येईना, म्हणून स्वयंपाकी नवांगने न सांगताच हीटरचा पंखा बंद केला. थंडी भिंतींतून आत शिरली. स्पीकरमधून ठोके धावत होते, मधेच तो घोगरा श्वास अडकायचा, पुन्हा सुटायचा. मग ते सगळं एकदम थांबल्यासारखं झालं. आणि त्या थांबण्यात, अगदी तळाशी, एक बारीक फडफड सुरू झाली. शिलाई मशीन दूर कुठेतरी चालावं तशी.

उत्पलाने पडद्यावर बोट ठेवलं. "हे दुसरं हृदय आहे."

"दुसरं अस्वल?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"नाही. आत्ताच जन्मलंय. मुठीएवढं असेल. डोळेही उघडले नसतील."

थोड्या वेळाने त्या फडफडीशेजारी आणखी एक फडफड उमटली, थोडी अडखळत, मग नीट लागली. पहार धरलेल्याने ती भिंतीला टेकवून ठेवली. बाहेर बर्फ पडत होतं, शंभर माणसं श्वास धरून बसली होती आणि डोंगराच्या आत एक आई आपल्या पिल्लांना चाटत होती. चाटण्याचा तो ओला, खरखरीत आवाजसुद्धा काचेच्या धाग्याने आणून दिला. हळूहळू तिचे ठोके लांबत गेले. धड… धड… ती पुन्हा झोपली. तिच्या झोपेवर त्या दोन फडफडी चालू राहिल्या.

रामलिंग उठला. त्याचा चेहरा वाचता येत नव्हता. "मी तिला माफ केलं न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "कधी करणार बी न्हाई. पन हिच्यावर सुरुंग लावायला मी कुनाला सांगू? हात उचलंल का कुनाचा?" मग थांबून म्हणाला, "सुरुंगाबिगर, यंत्रानं कातून नेऊ. बाजूनं वळवून. टाइम लागंल."

"गड्यांना धूर जास्त दिवस खावा लागेल."

"पाळ्या छोट्या करतो. पोरांना मी समजावतो. त्यांनी ऐकलंय आता."

सुरुंगाऐवजी मुख्य बोगद्यातलं दगड कातणारं यंत्र हवाबोगद्यात आणलं. त्याची घरघर एकसुरी होती, धक्का नव्हता. दिवसभर ती चालायची. ज्याच्या थुंकीतून रक्त पडत होतं त्या पोराला, आभाळ निवळल्यावर, फक्त आजाऱ्यांसाठी येणाऱ्या हेलिकॉप्टरने खाली पाठवलं, बाकीचे खोकत राहिले आणि काम करत राहिले. जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी उत्पलाच्या खोलीत डोकवायचं. "कशी हायत?" ती स्पीकर लावायची. पिल्लांची फडफड जड होत चालली होती. शेवटी हवाबोगदा डोंगराबाहेर निघाला, वारं आत घुसलं, आणि माणसं त्या वाऱ्यात तोंड उघडी टाकून उभी राहिली. लंगडी जागी झाली नाही.

त्या संध्याकाळी कातणयंत्र बंद झालं आणि उत्पलाला पडद्यावर काहीतरी खटकलं. तिने मागच्या सगळ्या नोंदी उलगडल्या. एकदा, पुन्हा एकदा. मग तिने रामलिंगला बोलावलं.

"मामा, हे बघा. यंत्र सुरू झालं की आईचे ठोके वाढतात. तिला भीती वाटते. इतक्या दिवसांत ती भीती गेली नाही." तिने खालच्या दोन रेषा दाखवल्या. "आणि ही पिल्लं. यंत्र सुरू झालं की त्यांचे ठोके शांत होतात. बंद झालं की ती चुळबुळतात, आईला ढुसण्या देतात. आज यंत्र थांबल्यापासून ती झोपलेलीच नाहीत."

रामलिंग रेषांकडे बघत राहिला. "म्हंजी?"

"जन्मापासून त्यांनी हीच घरघर ऐकलीय. दूध पिताना, झोपताना. त्यांच्यासाठी ती अंगाई झालीय." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "अस्वल माणसापासून लांब राहतं, कारण त्याला आपल्या आवाजाची भीती असते. आपण सुरुंग टाळला, आईला वाचवलं. आणि या दोघांची भीतीच काढून घेतली. वसंतात बर्फ वितळेल, ती बाहेर येतील, आणि जिथे कुठे यंत्र चालत असेल..."

स्पीकरमधून दोन छोटी हृदयं अस्वस्थ धडधडत होती.

रामलिंगला शेडमागची ती दुपार दिसत असावी. मग त्याने अगदी हळू विचारलं, "मॅडम, ती मोठी होऊन आपल्याकडं धावत आली, तर मारायला येतायत का मायेनं येतायत, हे तुमची मशीन सांगंल का?"