सत्तावन्न टाके

शनिवार, १८ नोव्हेंबर २००६. जेवण झाल्यावर दीडच्या बसने निघालो. काम साधंच होतं. जर्मनीत आम्ही राहतो त्या झिंडेलफिंगेनपासून तासाभरावरच्या गावी एक छोटं हायमाटम्युझियम, म्हणजे स्थानिक इतिहासाचं संग्रहालय, आहे. तिथे पहिल्या महायुद्धात कैद झालेल्या एका हिंदुस्थानी घोडेस्वाराचा खाकी कुडता आहे. त्यावरची माहिती तपासून द्यायची होती.

इंग्रजी अमलातल्या घोडदळाचे पोशाख आणि हुद्दे यांवर माझ्या चौदा वह्या आहेत. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. कारखान्यात सोळा वर्षं झाली, ग्रुपनलायटर, म्हणजे गटप्रमुख, मात्र दरवेळी दुसराच होतो. मी निघताना बायको, मनोरमा, म्हणालीच, "स्वतःला बढती मिळेना, आणि अहो, मेलेल्यांच्या फिती मोजायला चाललात!"

कुडता लाकडी पुतळ्यावर होता. उजव्या बाहीवर हुद्द्याच्या तीन फिती, म्हणजे दफेदार, हवालदाराच्या बरोबरीचा. पण युद्धकैद्यांच्या छावणीच्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं : म्हादू जगदाळे, सवार. सर्वांत खालचा हुद्दा. वाकून पाहिलं. फिती जाड राखाडी धाग्याने, वेड्यावाकड्या शिवल्या होत्या. पलटणीचा शिंपी असं शिवत नाही.

"या मागाहून कुणी तरी लावल्यात," मी म्हणालो. "हा साधा सवार होता."

म्युझियम सांभाळणाऱ्या फ्राऊ त्सेलर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नक्की? छावणीत आमच्या अभ्यासकांनी त्याचा आवाजही ध्वनिमुद्रित केला होता. मंगळवारीच त्याची सीडी आली. आधी ऐकता का?"

"नंतर ऐकू. कागद खोटं बोलत नाही."

त्यांनी परवानगीच्या कागदावर माझी सही घेतली आणि छोटी कात्री दिली. मी टाके मोजत कापू लागलो. साडेचार वाजले होते, खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. दहाव्या टाक्याला ओल्या घोड्याचा वास आला. विसाव्याला बाहीचं कापड कोमट लागलं. पुढे प्रत्येक टाका तुटताना जवळच कुणी तरी श्वास रोखत होतं. फ्राऊ त्सेलर तर पलीकडच्या खोलीत कॉफी करत होत्या… मी थांबलो नाही. सत्तावन्न टाके निघाले. फिती टेबलावर ठेवल्या आणि कार्डावर लिहिलं : सवार.

मग त्यांनी सीडी लावली. खरखरीतून साताऱ्याकडचा आवाज आला.

"नाव म्हादू जगदाळे. हुद्दा दफेदार. आमचा दफेदार पडला, तवा साहेबानं जाग्यावर हुद्दा दिला. कागद मागनं येनार व्हता, त्येच्या आधी धरलं आमाला. फिती हितंच शिवल्या. घोंगडीचा धागा उसवून, माज्या हातानं."

"काय म्हणतोय?" फ्राऊ त्सेलरनी विचारलं.

मी शब्द न् शब्द जर्मनमध्ये सांगितला. ज्याचा कागद कधी आलाच नाही असा माणूस मला तरी ओळखू यायला हवा होता.

फ्राऊ त्सेलरनी दिलेला राखाडी धागा ओवून, त्याच भोकांतून, मी फिती परत शिवल्या. सत्तावन्न टाके. जुनं कार्ड फाडून नवं लिहिलं : दफेदार. फ्राऊ त्सेलरनी तीच सीडी भाषांतरासाठी माझ्याकडे दिली. बसमध्ये ती कोटाच्या आतल्या खिशात होती. वाटेत कुणाच्या हातात दिली नाही.

रविवारी सकाळी वही उघडून लॅपटॉपवर ती लावली. मनोरमा मेथी निवडत शेजारी बसली होती.

"नाव म्हादू जगदाळे," आवाज म्हणाला. मग तो थांबला. खरखरीत बारीक टक… टक… सुरू झालं, आणि प्रत्येक टकबरोबर एक रोखलेला श्वास.

"हे काय वाजतंय हो?"

"धागा," मी म्हणालो. मी मोजत होतो. सत्तावन्नला ते थांबलं.

"हुद्दा सवार," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. "साहेब म्हनत्याल तसं."

मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. "केवढ्या अदबीनं बोलतोय बिचारा," ती हळूच म्हणाली. "समोर कोण साहेब होता हो, तेव्हा?"