हुकलेलं सत्तावन्न

सोमवारी सकाळी कमलाकांत मास्तरांची मान वरच्या वर अडकलेली होती. बेलोऱ्याच्या विमानतळावरच्या हवाई कसरतींनी म्हणे अर्ध्या अमरावतीच्या माना अडकवल्या आणि बडनेऱ्याच्या म्हशींनी आकाशाकडे बघत रवंथ केला. पण मास्तरांचं दुखणं वेगळं होतं. त्यांची मान न दिसलेल्या विमानापायी अडकली होती.

लाल-पांढऱ्या विमानांचा तो ताफा दहांचा. रंगानं सगळी सख्खी भावंडं. वेगळी ओळखायची ती शेपटीवरच्या नंबरावरून. मास्तरांनी रविवारी लांब भिंगाचा कॅमेरा लावून नऊ वेगवेगळे नंबर टिपले. सत्तावन्न तेवढं हुकलं.

"हे तुझ्यामुळे, ताई," ते इंदूबाईंना म्हणाले.

इंदूबाई त्यांची थोरली चुलतबहीण. वकिली सोडून आता लोकांच्या भानगडींचा छडा लावून देत. शनिवारी त्या मास्तरांना एका साक्षीदाराकडे अकोटला घेऊन गेल्या. परतताना एसटी वाटेत बंद पडली आणि बेलोऱ्याचा सराव मास्तरांविनाच आटोपला. वर रविवारच्या पेपरात पहिल्याच पानावर सरावाचा फोटो, आणि त्यात सगळ्यांत पुढे सत्तावन्न!

"पेपरातलं कापून वहीत चिकटव," इंदूबाई म्हणाल्या.

"दुसऱ्याच्या लग्नातला फोटो आपल्या भिंतीवर लावतात का?"

तेवढ्यात अकोल्याहून गोदावरीबाई राजूरकर आल्या. त्यांचे यजमान हवाई दलात वैमानिक होते. त्यांचं शौर्यपदक घरातून गेलं होतं.

"रविवारी निघताना मी पदकाला कुंकू लावलं," त्या म्हणाल्या. "इथे कसरतींना मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. संध्याकाळी घरी पोचले, तर पेटी रिकामी. कुलूप शाबूत."

"किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याखेरीज तिघांकडे. स्वयंपाकाची शकुन, वरचा भाडेकरू सहदेव आणि माझा पुतण्या पियुष. पियुष तर इथे कसरतींचे फोटो काढत होता. मला शकुनचाच संशय आहे. उद्या सकाळी पोलिसांत तिचं नाव देणार."

"आजचा दिवस मला द्या," इंदूबाई म्हणाल्या.

दुपारी दोघं अकोल्यात राजूरकरांच्या घरी पोचली. शकुन ओट्याजवळ उभी होती, पण चूल पेटलेली नव्हती.

"रविवारी कुठे होतीस?"

"घरीच. आंग दुखून राहिलं होतं, झोपली होती."

"कुणी पाहिलं?"

"काहून पाहीन कोनी? गरिबाच्या झोपेले साक्षीदार असते काय, बाई?" तिनं पदर खोचला. "माह्यं नाव पोलिसात गेलं तं या गावात एकबी घर मले चुलीजवळ येऊ देनार नाही. पदक सापडो नाहीतं न सापडो."

सहदेवनं रविवारी कौंडण्यपूरला दर्शनाला गेल्याचं सांगितलं.

"सोबत कोणी होतं?" मास्तरांनी विचारलं.

"देव होता."

"प्रसाद दाखवा."

"खाल्ला ना, मास्तर. प्रसाद काय पुरावा म्हणून ठेवाचा रायते?"

बाहेर येताच मास्तर कुजबुजले, "हाच चोर. देवाच्या नावावर थापा मारतोय."

"प्रसाद खाल्ला म्हणून?"

"मग ठेवायचा नाही थोडा?"

पियुषच्या खोलीत शिरल्यावर मात्र मास्तरांचं चोराकडे लक्षच राहिलं नाही. टेबलावर विमानांच्या नंबरांच्या वह्या होत्या आणि शेजारी भलामोठा फोटो. निळं आकाश, लाल पोट, आणि शेपटीवर स्वच्छ सत्तावन्न.

"रविवारी दुपारी, बेलोऱ्याला," पियुष म्हणाला. "कॅमेऱ्यातली तारीख बघा हवं तर."

"तारखेचं काय, घड्याळासारखी मागेपुढे होते," इंदूबाई म्हणाल्या. "सगळा कार्यक्रम पाहिलास?"

"सुरुवातीपासून. नऊ विमानं उठली, मधे एकही उतरलं नाही, शेवटी नऊच्या नऊ डोक्यावरून गेली. तेव्हाच हे टिपलं."

"मला कसं नाही दिसलं?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"नजर हुकते, सर. वयानं होतं असं."

मास्तर ओसरीत येऊन बसले ते तोंड पाडूनच. "विकून टाकतो कॅमेरा. काल दिवसभर तिथे होतो, ताई. कालच्या कालच काढलेले नऊ नंबर, पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. एकही दोनदा नाही. आणि त्या पोराला नेमकं सत्तावन्न."

इंदूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांना बैठकीत बोलाव. आणि तोंड धू, रडका दिसतोयस."

बैठकीत सगळे जमले. पियुषनं फोटो सोबत आणला होता.

"कमळ्या, काल वर किती विमानं होती?" इंदूबाईंनी विचारलं.

"नऊ."

"तुझ्याकडे कालचे नंबर किती?"

"नऊच. सगळे वेगळे."

"म्हणजे उडालेलं एकही तुझ्या हातून सुटलं नाही. मग पियुषला हे दहावं कुठल्या आभाळात भेटलं?"

मास्तर बोटांवर पुन्हा नऊ मोजू लागले.

"सत्तावन्न शनिवारी सरावाला उडालं, पेपरात सगळ्या गावानं पाहिलं," इंदूबाई म्हणाल्या. "रविवारी ते जमिनीवर राहिलं आणि त्याच्या जागी राखीव गेलं. एका वेळी उडतात नऊच; मास्तर दहा धरून बसले आणि नसलेलं शोधत राहिले. पियुष, हा फोटो शनिवारचा. रविवारी तू बेलोऱ्याला नव्हतासच."

"नसेन. म्हणून मी चोर?"

"शकुनकडे साक्षीदार नाही, सहदेवकडेही नाही. खरं बोलणाऱ्याला तो आधी जमवून ठेवायचं सुचत नाही. तू मात्र खोटा साक्षीदार फ्रेम करण्याइतका मोठा छापून ठेवलास. दुसऱ्या कुणी धुराचा, गर्दीचा फोटो दाखवला असता. मला काही सिद्ध करता आलं नसतं. पण विमानांचे नंबर गोळा करणारा माणूस तू. इतकं स्वच्छ टिपलेलं सत्तावन्न लपवून ठेवणं तुझ्या जिवाला झेपलं नाही. पदक कुठे आहे?"

मग पियुषनं कॅमेऱ्याच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं पदक काढलं.

"एकजण काकांच्या विमानाच्या शेपटीचा पत्रा देणार होता," तो म्हणाला. "नंबरासकट. बदल्यात हे मागत होता. काकू, काकांचंच विमान होतं ते."

"आणि हे कुणाचं होतं?" गोदावरीबाईंनी पदक उचललं. "माझ्यादेखत शकुनला चोर ठरवलंस. तूच म्हणालास ना, तिच्याशिवाय कोण?"

पियुष उठून गेला. फोटो तिथेच राहिला. मास्तरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि पालथा घातला.

गोदावरीबाईंनी डोळे पुसले. "शकुन, चुकलं माझं. पोलिसांत काही जाणार नाही. सगळ्यांना चहा ठेवतेस का?"

शकुन जागची हलली नाही. मग पियुषच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन ती नीट, पाठ टेकून बसली.

"आज तुमी ठेवा, बाई."

गोदावरीबाई आत गेल्या. चहापत्तीचा डबा कुठे आहे, हे विचारायला थोड्या वेळानं बाहेर आल्या. मग साखरेचा विचारायला पुन्हा. शकुननं दोन्ही सांगितलं, पण सावकाश.