सातव्या दारानंतर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा एक नियम असतो. लिफ्ट वर-खाली होते त्या उभ्या शाफ्टमध्ये शिरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली शिरणाऱ्याच्या खिशात. त्या सोमवारी सकाळीही सगळं तसंच झालं होतं. कचेऱ्यांची सात मजली जुनी इमारत. केबिन तळाला उभी, भिंतीला लोखंडी शिडी. गुणगुण्या केबिनच्या टपावरून शिडीला लागला. प्रत्येक मजल्याच्या दाराशी थांबायचं, आतून खटका तपासायचा, दारावर खडूनं आकडा लिहून पुढे जायचं. सात दारं, अर्ध्या तासाचं काम. खाली त्याचा जोडीदार उभा होता.

जोडीदाराला सगळे ओळंबा म्हणायचे. अंगानं काडी, उभा राहिला की सरळसोट, आणि गवंड्याच्या ओळंब्यासारखाच दुसऱ्याचं वाकडं दाखवल्याशिवाय चैन न पडणारा. वीस वर्षांची जोडी. गुणगुण्या कामात सतत गुणगुणायचा आणि ओळंबा सतत "पुरे रे बाबा" म्हणायचा.

दहा वाजून दहा मिनिटांनी गुणगुण्या चढला. पावणेअकराला गुणगुण थांबल्याचं ओळंब्याच्या ध्यानात आलं. टॉर्च घेऊन तो टपावर चढला, तर गुणगुण्या तिथंच भिंतीला टेकून बसलेला, लांबून चालत आलेल्या माणसासारखे पाय पसरून. अंग गार पडलं होतं. हाड मोडलेलं नव्हतं, ओरखडा नव्हता. पण गाल खोल गेलेले, दाढी वाढलेली. बुटांचे तळवे मधोमध, शिडीची पायरी टेकते तिथं, आरपार झिजले होते. सकाळी खोक्यातून नवाकोरा काढलेला खडू मुठीत नखाएवढा उरला होता.

किल्ली खिशात. कुलूप जागेवर.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, नऊ दिवस पोटात अन्नाचा कण नाही," चौकशीचे साहेब बुधवारी म्हणाले. खोलीत एक टेबल, दाराला दोरी बांधलेलं लोखंडी कपाट आणि कुरकुरणारा पंखा. "आणि तुम्ही म्हणता, त्या सकाळी चहा प्यायला."

"दोन कप प्याला साहेब. दुसरा तर माझ्यातला."

"मग तो चहा गेला कुठे?"

साहेबांनी आधी आजार लिहून मोकळं व्हायचं ठरवलं होतं, पण डॉक्टरीणबाई ऐकेनात. आजार असा बूट झिजवत नाही, म्हणाल्या. पडला म्हणावं तर हाडं शाबूत. वीज लागली म्हणावं तर स्विचला कुलूप. उरलं एकच. कुणीतरी माणसाला नऊ दिवस उपाशी डांबलं आणि मग तिथं आणून बसवलं. आणि डांबायला घरात कोण? बायको. शेजाऱ्यांना नवराबायकोचं भांडण लख्ख आठवत होतं. माणूस शेवटचा कधी दिसला, ते मात्र कुणालाच सांगता येईना. इमारतीचा रखवालदार म्हणाला, "दोन लिफ्टवाले येतात. तोंडं कोण बघतो? मी पिशवी बघतो."

"हजेरीवही बघा की! रोजची सही आहे त्याची," ओळंबा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

साहेबांनी वही त्याच्यापुढे सरकवली. "ही 'रोजची सही' आणि तुमची सही, दोन्ही एकाच हातच्या. खोटं सांगाल तर बघा."

खोटं काय सांगणार? गुणगुण्या मुलीला शाळेत सोडून यायचा, त्याला दहा मिनिटं उशीर व्हायचा. चार वर्षं ओळंबाच दोघांच्या सह्या करत होता. मैत्रीतली गोष्ट, कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती.

"नाव ओळंबा, आणि भिंत तुमचीच वाकडी!" साहेब हसले. "उद्या त्या बाईंना आत घेतो. तुमचं त्यानंतर बघू."

बाहेर बाकावर वहिनी, गुणगुण्याची बायको, बसल्या होत्या.

"भावजी, सांगितलंत ना, रोज तुमच्याबरोबर होते म्हणून?"

"सांगितलं हो. माझ्या सांगण्याला माझीच सही आडवी आली."

वहिनी कितीतरी वेळ पिशवीच्या बंदाला पीळ घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी माझ्यासमोर दाढी केली त्यांनी. कानामागं साबण राहिला होता, मी बोटानं पुसला. हे कुणाला दाखवू मी? पोर विचारते, आई, तू बाबांना जेवायला का नाही दिलंस? शाळेत मुलं म्हणतात तिला."

त्या शेवटच्या वाक्यानं ओळंबा उठला. दारांवरचे खडूचे आकडे अजून असणार. गुणगुण्याच्या हातचे, सोमवारचे. माणूस त्या सकाळी धडधाकट चढला, याचा तेवढा तरी पुरावा.

गुरुवारी उजाडताच तो शाफ्टमध्ये शिरला. पहिल्या दारावर 'एक' होता. त्याच्याखाली आठ. त्याखाली पंधरा, बावीस, एकोणतीस. रांग दाराच्या तळापर्यंत गेली होती आणि शेजारून दुसरी सुरू झाली होती. दुसऱ्या दारावर दोन, नऊ, सोळा. प्रत्येक आकड्यापुढे खटका तपासल्याची बरोबरची खूण. एकही चुकली नव्हती. सातव्या दारावरचा शेवटचा आकडा, अगदी पुसट, नऊशे सतरा.

त्याच्या बाजूला लिहिलं होतं, 'दादा, हाक मार ना.'

ओळंब्यानं त्या सकाळी हाक मारलीच नव्हती. गुणगुण ऐकू येत होती, तेवढ्यावर तो निर्धास्त होता.

तासाभरात त्यानं साहेबांना बोलावून आणलं. मागोमाग वहिनीही आल्या. साहेबांनी पहिल्या मजल्याचं दार उघडून घेतलं, आतल्या बाजूनं टॉर्च फिरवला. मग त्यांनी ओळंब्याची बोटं उजेडात धरली. आकडे चाचपताना खडू लागला होता.

"चार वर्षं त्याच्या सह्या गिरवल्यात. आता आकडे गिरवलेत. दुसरं काय?"

"साहेब, पोरीची शपथ..."

"शपथ कुणाची, तेही दुसऱ्याच्याच पोरीची! चला बाई."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. ओळंब्याला वाटलं, डोकं भिंतीवर आपटावं. खरं बोलायला तोंड उघडलं की खोट्याला टेकू मिळत होता.

"थांबा," तो म्हणाला. "मी इथं, तुमच्यासमोर दाढी करतो. मग वर जातो. कुलूप तुम्ही घाला, किल्ली तुमच्या खिशात ठेवा. सात दारं करून खाली येईन, तेव्हा जसा दिसेन तसं लिहा."

"आणि जसेच्या तसे दिसलात तर?"

"तर मलाही आत घ्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास. त्यावर एक मिनिट नाही."

रखवालदाराच्या आरशात ओळंब्यानं दाढी केली. साहेबांनी चक्क त्याच्या गालावरून अंगठा फिरवून पाहिला.

"भावजी, नका जाऊ," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही फक्त हाका मारत राहा, वहिनी. मी मारल्या नव्हत्या."

तो चढू लागला. दिवसाचा उजेड दारांच्या फटींतून येत होता, आणि बाहेर कुठल्याशा कचेरीत कुणीतरी मोठ्यानं खोकत होतं.

"एक!" वहिनी खालून ओरडल्या.

"ओ!"

"दोन!"

"ओ!"

चौथ्या दाराशी त्यानं गालाला हात लावला. गुळगुळीत. त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. असाच खाली उतरला तर वहिनी गेल्या.

"सहा!"

"ओ!"

"सात!"

"ओ," तो म्हणाला. त्यानं खटका तपासला, बरोबरची खूण केली. इथं शिडी संपते. वर सिमेंटचं छत इतकं जवळ, की सगळेच लिफ्टवाले इथं मान आखडून उभे राहतात.

त्याची मान ताठ होती.

"भावजी, सात झाले! उतरा आता!" आवाज स्पष्ट होता, पण फार खोलातून आला.

त्यानं खाली पाहिलं नाही. हात वर केला. बोटांना छत लागलं नाही, पायरी लागली.

पायरी कोमट होती. कुणीतरी नुकताच तिच्यावरून हात उचलला असावा, तशी.