पाटाकडेची रंगीत झाडं

बसा जवळ. मोबाईल खिशात घाला, अन् मधी कुनी हसायचं न्हाई. हसायचं आसंल तर आत्ताच उठून घरी जा.

भागवत माझ्या चांगल्या ओळखीतला. नागापूरच्या एमआयडीसीत टेम्पो चालवतो. शांत गडी, चहासुदिक फुंकून पितो. तेरा डिसेंबर, शनिवारची रात्र. माल खाली करून सव्वाअकराला मोकळा झाला, तर सासूचा फोन. बायको रेश्मा राहुरीला दवाखान्यात, दिवस भरलेले. सासू म्हनली, "भागवतराव, हायसा तसं निघा. लेकराचे ठोके कमी झाल्यात. सिझर करावं लागतंय, माझी सही चालत न्हाई, डॉक्टर तुमच्याकडच्या सहीला थांबल्यात."

लग्नाला आठ वर्षं, अन् हे पहिलंच लेकरू. गडी सुसाट निघाला.

मोठ्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटलेली, गाड्यांची ही भली रांग. भागवतनं टेम्पो पाटाकडेच्या कच्च्या रस्त्याला घातला. तीन किलोमीटर गेला न्हाई तर इंजन तापलं. रेडिएटर कोरडा ठाक. चार शिव्या घालून खाली उतरला, अन् लाईटीत बघतो तर समोरचं लिंबाचं झाड जांभळं. बुंधा, फांद्या, सगळं. पुढचं झाड पिवळं. विहिरीचा कठडा गुलाबी. मागं एक बंगला, त्याला नऊ दारं, अन् एका दाराचा रंग दुसऱ्याला न्हाई.

हा हनुमंतशेठचा बंगला, हे त्याच्या ध्यानात आलं.

शेठ रंगाच्या कारखान्यावर गब्बर झालेला, पन एक नंबर तऱ्हेवाईक. पोळ्याला लोक बैलाची शिंगं रंगवतात, ह्यो अख्खा बैल रंगवायचा. बायको न्हाई, पोरबाळ न्हाई. आता आपन कुनाच्या घरून निघताना 'जातो' म्हनत न्हाई, 'येतो' म्हनतो. व्हय ना? तर पाहुना 'येतो' म्हनला की शेठ पायात पायतान सरकवायचा. "थांब, मीबी येतो." अन् खरंच गाडीत जाऊन बसायचा. चार-चार दिवस पाहुन्याच्या घरी मुक्काम. लाईटबिलवाल्याकडं तर आख्खा आठवडा काढला. लोक त्याला हसायचे. पन त्याला मरून चार वर्षं झालेली, म्हनून भागवतला भ्या वाटलं न्हाई.

राखनदार म्हातारा कानिफनाथ बॅटरी घेऊन आला. बादलीभर पानी दिलं, रेडिएटर भरू लागला. मग हळूच म्हनला, "निघताना 'जातो' म्हना. 'येतो' म्हनू नगा."

"का वो?"

"शेठ ऐकतात."

भागवत टेम्पोत बसला. किल्ली फिरवली. तोंड उघडलं... पन रेश्मा डोळ्यापुढं आली. तिकडं लेकराचे ठोके बुडायला लागल्यात, अन् इकडं बापानं 'जातो' म्हनायचं? जीभच वळंना. गुमान निघावं, तर म्हाताऱ्यानं आडल्या वक्ताला पानी दिलेलं. भागवतनं हात जोडले.

"येतो, बाबा."

म्हाताऱ्यानं बॅटरी बंद केली.

बंगल्यात कुनीतरी खाकरलं. मग पायतानं... घासत, घासत... जवळ आली.

"थांब. मीबी येतो."

शेजारचं दार उघडलं. शीट दबलं. दार लागलं. ताज्या ऑइलपेंटचा वास...

भागवतनं डावीकडं बघितलं न्हाई. गियर टाकला. थंडी मरनाची, अन् पाठीवरून घाम. पाट काय सरंना. शेजारी हालचाल न्हाई. नुसता श्वास...

"लई हळू चालवतोस. तू ये मागनं, मी होतो पुढं."

चालत्या टेम्पोचं दार उघडलं. शीट वर आलं. घड्याळात बारा वाजून पाच.

पावनेएकला राहुरीत पोचला तवा गडी रडत हुता. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. वर सासू उभी, डोळ्याला पदर. त्याला वाटलं, संपलं सगळं.

"मुलगा झालाय," सासू म्हनली. "दोघं बरी हायत. डॉक्टर म्हनले, आनखी पाच मिनिटं गेली आसती तर लेकरू हाती लागत न्हवतं."

भागवत पायरीवर मटकन बसला. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं.

"अन् सही? सही कुनी केली?"

नर्स फाईल घेऊन आली. "तुमच्याकडचे म्हातारे आले होते ना. बारा वाजून पाचला. सही करून आत गेले, परत काही दिसले नाहीत."

भागवतनं कागद घेतला. सही हिरवी. जाड. अजून ओली, त्याच्या बोटाला लागली. हनुमंत. खाली 'रुग्णाशी नातं' आसं छापलेलं. त्याच्यापुढं, त्याच हिरव्या रंगात, एकच शब्द...

मुलगा.